न बोलणाऱ्याच्या वतीने

महाभारतातील अभिमन्यूची कथा आपण शौर्याची कथा म्हणून ऐकत आलो आहोत. श्रवणाविषयीची एक जुनी समजूतही तिच्यात आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. मूल जन्मण्यापूर्वीच ऐकू लागते आणि त्या ऐकण्यावर पुढे त्याचे बरेचसे आयुष्य उभे राहते, ही ती समजूत होय. चक्रव्यूहाचा भाग सोडून दिला, तर आजचे शरीरशास्त्र या बाबतीत कथेच्या फारसे विरुद्ध जात नाही. गर्भाच्या सहाव्या महिन्याच्या सुमारास अंतःकर्ण काम करू लागते आणि पुढचे तीन महिने मूल आईचा आवाज तिच्या देहातूनच ऐकत असते. ज्याला आपण नवजात म्हणतो, त्याचा भाषेचा अभ्यास अशा रीतीने आधीच सुरू झालेला असतो. आणि जन्मतःच ज्याचे कान बंद आहेत, ते मूल पाळण्यात येते तेव्हाच तीन महिन्यांनी मागे पडलेले असते. त्यातून त्याने मान उशिरा धरली, बसणे उशिरा झाले, चालणे लांबले, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत ज्याला विकासाचा विलंब म्हणतात तोही त्याच्या वाट्याला आला, तर दीड-दोन वर्षांच्या त्या जिवासाठी काय करावे, केव्हा करावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न घरापुढे येऊन उभा राहतो. वरवर पाहता हा वैद्यांचा प्रश्न आहे. आम्हांला तो नीतीचाही वाटतो, आणि त्या बाजूनेच येथे त्याचा विचार करावयाचा आहे.

आपल्या घरांतून अशा वेळी एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘बोलेल हळूहळू, त्याचा बापही चौथ्या वर्षी बोलू लागला.’ आजी हे म्हणते, शेजारीण म्हणते, आणि क्वचित् ओळखीचे डॉक्टरही म्हणतात. त्यामागे प्रेमच असते. सुनेच्या काळजाला धीर यावा, मुलाला उगाच नाव पडू नये, एवढाच हेतू असतो. शिवाय वाक्याला अनुभवाचा आधार असतो. उशिरा बोलू लागून पुढे वकिली गाजवलेला पुरुष बहुतेक कुटुंबांत एखादा तरी निघतो. परंतु उशिरा बोलणारे मूल आणि न ऐकणारे मूल ही दोन बाहेरून सारखी दिसली तरी आतून फार निराळी असतात. पहिले मूल गप्प राहून साठवीत असते. दुसऱ्याच्या कोठारात काही पडतच नसते. दोघांच्या आयांना एकाच वाक्याने धीर देता येत नाही.

हजार जन्मांमागे एकदोन मुलांना जन्मतःच दोन्ही कानांचे कायमचे आणि लक्षणीय श्रवणदौर्बल्य असते, असा जगातला अनुभव आहे. कारणे अनेक : आनुवंशिक दोष, दिवस भरण्यापूर्वीचा जन्म, प्रमाणाबाहेर वाढलेली कावीळ, गरोदरपणी आईला झालेला रुबेलासारखा आजार. अशा मुलांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्शाला, किंवा त्याहून थोड्या अधिक मुलांना, दुसरीही एखादी उणीव सोबतीला असते. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प या इंग्रज शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले, की कानात बारीक ध्वनी सोडला असता निरोगी अंतःकर्ण स्वतःच एक सूक्ष्म ध्वनी परत पाठविते. त्या शोधामुळे आज झोपलेल्या तान्ह्या मुलाची प्राथमिक तपासणी काही मिनिटांत करता येते. अमेरिकेतील तज्ज्ञांनी घालून दिलेला दंडक असा आहे, की पहिल्या महिन्यात चाचणी व्हावी, तिसऱ्यापर्यंत निदान पक्के व्हावे आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हावेत. सहा हा आकडा लहरीने निवडलेला नाही. कोलोराडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांपूर्वी ज्यांचे बहिरेपण ओळखले गेले त्या मुलांची भाषा नंतर ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेलेली आढळली. या अभ्यासातील एक गोष्ट विशेष मनन करण्यासारखी आहे : मूल पुढे तोंडाने बोलावयास शिकले की हातांच्या खुणांनी, यावर तो लाभ अवलंबून नव्हता. वेळ महत्त्वाची ठरली, वाट तितकी नव्हे. या गोष्टीकडे आम्हांला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आपल्या देशात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मतः असलेले दोष, आजार, पोषणातील उणिवा आणि विकासातील विलंब अशा चार गोष्टी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत शोधाव्यात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे असावीत, अशी ती योजना. कागदावरील योजनेवर टीका करण्याजोगे थोडे आहे. अडचण तिच्या अलीकडची आहे. मूल केंद्रापर्यंत पोहोचते ते बहुधा दोन किंवा तीन वर्षांचे होऊन. आणि पोहोचते तेव्हाही त्याच्या दोन उणिवा एकमेकींच्या आड लपलेल्या असतात.

हा लपंडाव थोडा समजून घेतला पाहिजे. हाक मारली असता मूल वळून पाहत नाही. ते मंद आहे म्हणून वळत नाही, असे एक तज्ज्ञ म्हणतो आणि कान तपासावयाचे राहून जाते. दुसरा म्हणतो, ऐकूच येत नाही म्हणून सारे रखडले आहे. यंत्र बसवा, सगळे सुरळीत होईल. मग स्नायूंचा ढिलेपणा, दृष्टी, आकलन यांच्याकडे कोणी बघत नाही. आणि तिसरी शक्यता अशी, की मूल ऐकते, त्याला वळावेसेही वाटते, परंतु मान वळविण्याची ताकद त्याच्या मानेत नाही! आवाजाकडे वळण्यावर बेतलेली चाचणी अशा मुलाला अकारण बहिरे ठरवील. म्हणूनच, मूल झोपेत असताना श्रवणमज्जेचे विद्युत्स्पंदन टिपणारी, आपल्याकडे ‘बेरा’ या नावाने ओळखली जाणारी तपासणी अशा मुलांच्या बाबतीत टाळता येत नाही. त्यात मुलाने काही करून दाखवावयाचे नसते. परीक्षा आपल्याला आणि गुण मात्र मुलाला, असा जो अन्याय इतर चाचण्यांत नकळत घडतो, तो येथे निदान कमी होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आधुनिक नीतिविचाराचे एक आवडते तत्त्व असे आहे, की ज्याचे आयुष्य आहे त्याने ते ठरवावे. हे तत्त्व आम्हांलाही मान्य आहे. मग एखादा विचारी बाप असे म्हणेल, की माझ्या मुलाच्या कवटीत शस्त्रक्रिया करून यंत्र बसवावयाचे, त्याने बोलावे की हातांनी सांगावे हे ठरवावयाचे, आणि ते सारे त्याला न विचारता, हे मला पटत नाही; तो मोठा होऊ दे, तोच ठरवील. या म्हणण्यात प्रामाणिकपणा आहे आणि मुलाविषयी आदरही आहे. तथापि त्यात एक पायरी गळलेली आहे. जो पुढे ठरविणार आहे, तो आयता कोठून येणार? कारणे मांडणे, दोन गोष्टी तोलून पाहणे, ‘मला हे नको’ असे सकारण सांगणे, या सर्व गोष्टी भाषेच्या आधाराने होतात. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त असे मानले आहे, की जगातले कोणतेही ज्ञान शब्दाशी विणलेलेच असते. इतके टोक आम्ही गाठत नाही. न बोलणारे तान्हे मूलही कितीतरी जाणते, हे कोणत्याही आईला विचारावे. परंतु स्वतःच्या आयुष्याविषयी निर्णय घेणारा माणूस भाषेवाचून घडत नाही, एवढे तरी कबूल करावे लागते. मुलाने उद्या ठरवावे म्हणून आज थांबावयाचे, आणि त्या थांबण्यानेच ठरविणारा घडू द्यावयाचा नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे. न्यायाधीश यावयाचे आहेत म्हणून खटला तहकूब ठेवावा आणि त्या तहकुबीपायी न्यायाधीशांची नेमणूकच रद्द व्हावी, तसे काहीसे.

मेंदूच्या बाबतीत ही तहकुबी फार महाग पडते. अनु शर्मा व त्यांचे सहकारी यांनी कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेल्या जन्मबधिर मुलांच्या मेंदूतील ध्वनिप्रतिसाद मोजले. साडेतीन वर्षांच्या आत ज्यांना यंत्र बसले, त्यांचा प्रतिसाद थोड्याच महिन्यांत वयाला साजेसा झाला. सात वर्षांनंतर बसलेल्यांचा बहुधा झाला नाही. श्रवणासाठी राखलेली जागा ध्वनी आला नाही तर मोकळी राहत नाही, दुसरी कामे तिचा ताबा घेतात. ओस पडलेल्या वाड्यात बिऱ्हाडे शिरावीत तसा हा प्रकार आहे. पुढे धनी आला तरी त्याला सारा वाडा परत मिळत नाही.

तेव्हा न करणे हेही करणेच आहे, आणि त्याचा हिशेब न करणाऱ्याच्या नावावरच मांडावा लागतो. इतके मान्य केल्यावर उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. त्वरा आणि घाई हे दोन शब्द आपल्या भाषेने वेगळे ठेवले आहेत ते उगाच नव्हे. भ्यालेल्या आईबापांच्या घाईवर जगणारी दुकाने प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. तेथे तेल मिळते, ताईत मिळतो, आणि हल्ली तर चकचकीत छापील पत्रके वाटून अमुक इतक्या दिवसांत मूल बोलते करण्याची हमीही मिळते. अशा ठिकाणी गेलेला महिना हा थांबण्यात गेलेल्या महिन्याहून वाईट. वेळ तर गेलेलाच असतो, शिवाय पैसा आणि विश्वासही गेलेला असतो.

न विचारता ठरवावयाचेच, तर कोणत्या रीतीने? आम्हांला येथे विश्वस्ताची कल्पना उपयोगी वाटते. अज्ञान वारसाची इस्टेट सांभाळणारा माणूस स्वतःच्या पैशाने वाटेल ते धाडस करू शकतो. वारसाचा सगळा पैसा मात्र एकाच व्यवहारात लावण्याचा त्याला अधिकार नाही, मग तो व्यवहार त्याला कितीही किफायतशीर वाटो. मुलाच्या भाषेविषयीही हेच लागू करावे. वाणी, खुणा, यंत्र यांपैकी एकावर सारे काही पणाला लावणे हे धाडस आहे, आणि ते दुसऱ्याच्या मालमत्तेवर केलेले आहे.

इतिहासात हे धाडस एकदा फार मोठ्या प्रमाणावर केले गेले. अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे या धर्मोपदेशकाने बधिर मुलांची शाळा काढली आणि त्यांच्याच खुणांचा आधार घेऊन त्यांना शिकविले. पुढे १८८० साली मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि शाळांतून खुणांना फाटा देऊन केवळ वाणीनेच शिकवावे असा ठराव तिने प्रचंड बहुमताने केला. १६४ प्रतिनिधींत बधिर प्रतिनिधी एकच होता. या ठरावाच्या छायेत पुढची कित्येक दशके मुलांना हात बांधून बसावे लागले. काहींची वाणी सुटली, पुष्कळांना वाणीही मिळाली नाही आणि खुणाही मिळाल्या नाहीत. २०१० मध्ये व्हँकूव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. एकशेतीस वर्षे लागली. दुसरे टोकही पाहावयास मिळाले. १९९० मध्ये अमेरिकेत दोन वर्षांवरील मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट बसविण्यास परवानगी मिळाली तेव्हा तेथील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने तिचा कडक निषेध केला. बहिरेपण हा रोग नव्हे, ती एका भाषिक समाजाची ओळख आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २००० साली संघटनेने ही भूमिका पुष्कळ सौम्य केली आणि निर्णयाचा अधिकार आईबापांकडे असल्याचे मानले. मूळ आक्षेप मात्र पोकळ नव्हता. बहुतेक बधिर मुले, शेकडा नव्वदांहून अधिक, ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्माला येतात. त्या आईबापांनी आयुष्यात एकही बधिर प्रौढ माणूस जवळून पाहिलेला नसतो. ज्या भवितव्याची त्यांना धास्ती वाटते, ते जगणाऱ्या एकाही माणसाशी ते बोललेले नसतात. आमच्या मते आराखड्याची पहिली ओळ येथे लिहिली जावी : आईबापांनी एखाद्या बधिर गृहस्थाची किंवा बाईची, जी नोकरी करते, संसार करते, भांडते आणि हसते, तिची भेट घ्यावी.

‘खुणा शिकविल्या तर मूल बोलावयाचे आळस करील’ हे भय आजही ऐकू येते. लहान मुले टाटा करावयास आधी हातानेच शिकतात आणि त्यामुळे कोणी मुके राहिल्याचे ऐकिवात नाही. ज्या मुलाचे ओठ, जीभ आणि श्वास यांवरील नियंत्रणच विलंबाने येणार आहे, त्याला ‘दूध’ आणि ‘नको’ या दोन गोष्टी हाताने सांगता आल्या तर त्याचा निम्मा आक्रोश थांबतो. खुणांची भाषा ही अपुरी, मोडकी भाषा आहे या समजुतीला तर निकाराग्वाने कायमचे उत्तर दिले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे मानाग्वा शहरात बधिर मुले प्रथमच एका शाळेत एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचावयास शिकवीत होते; मुलांनी आपापसांत स्वतःची भाषा तयार केली, आणि नंतर आलेल्या धाकट्या मुलांनी तिला व्याकरण दिले.

आपल्या संतवाङ्मयात मुक्याच्या गुळाचा दृष्टान्त येतो. मुका गूळ खातो, त्याला गोडी कळते, ती सांगता मात्र येत नाही, ब्रह्मानंदाचे तसेच. दृष्टान्त सुंदर आहे. परंतु त्या मुक्याच्या बाजूने पाहिले तर त्याला गोडी सांगता येत नव्हती असे नाही, ऐकणाऱ्याला त्याची भाषा येत नव्हती. बधिर माणसे गुळाविषयी पुष्कळ बोलतात, आणि कोल्हापुरी गुळाची तक्रारही करू शकतात. संतांचा यात काही दोष नाही; त्यांना अनिर्वाच्याचे वर्णन करावयाचे होते. आपण मात्र दृष्टान्तावरून माणसाविषयी मत बनविले. धर्मशास्त्र त्याहून कठोर होते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, जन्मबधिर, मुका, जड यांना वारसाहक्काच्या वाट्यातून वगळले आहे. लगेच पुढे त्यांना अन्नवस्त्र दिले पाहिजे असेही सांगितले आहे. पोसावे, पण गणू नये. १९२८ च्या कायद्याने ही अपात्रता बव्हंशी दूर झाली आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने रोग, व्यंग वा विकृती यांमुळे कोणाचाही वारसा बुडणार नाही असे निःसंदिग्धपणे सांगितले. मालमत्तेच्या बाबतीत जे झाले, ते भाषेच्या वारशाबाबत अजून व्हावयाचे आहे. घराची भाषा ही सुद्धा एक इस्टेटच आहे, आणि तिच्यातील मुलाचा वाटा अनेकदा चांगल्या हेतूने काढून घेतला जातो.

येथे आम्हां महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींचा संबंध थेट येतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद वा बंगळूर येथील मराठी घरातले असे मूल केंद्रावर गेले, की तेथील शिक्षिका हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड नाहीतर इंग्रजी बोलणारी असते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासूनची, मुंबईची अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ ची. (हे अली यावर जंग मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल.) अशा संस्थांतून तयार झालेली माणसे देशभर काम करतात, आणि त्यांची विद्या उत्तम असली तरी त्यांना मराठी येईलच असे नाही. मग घरी सल्ला मिळतो : एकच भाषा ठेवा, शाळेची ठेवा, मराठी बंद करा, याला दोन भाषांचे ओझे झेपणार नाही. हा सल्ला एके काळी सर्रास दिला जाई. आज जाणकार तो देताना कचरतात, कारण भरपूर आणि जिवंत भाषा कानी पडत असेल तर श्रवणदौर्बल्य असलेली मुलेही दोन भाषा शिकतात असे आढळून आले आहे.

सल्ल्याचा खरा दोष आणखी साधा आहे. मूल भाषा शिकते ती माणसांकडून. आई ज्या भाषेत न थांबता, न अडखळता बडबडते, रागावते, आंघोळ घालताना लाडिक नावे ठेवते, ती बंद करून तिच्याकडून मोजूनमापून बोललेली परकी वाक्ये मागितली, तर मुलाच्या पदरी आधीच थोडे पडणारे शब्द आणखी थोडे पडतात. आजीला तर दुसरी भाषा नसतेच. ती गप्प होते. घरातील सर्वांत जास्त बोलणारे माणूस वैद्यकीय सल्ल्याने गप्प बसविले गेले, असा प्रसंग किती घरांत घडला असेल!

मराठीच्या स्वतःच्या काही खोडी आहेत, त्या मात्र तज्ज्ञाला सांगितल्याच पाहिजेत. ‘तो आला’ आणि ‘तू आलास’ यांत कोण आले हे सांगणारा ध्वनी शेवटचा ‘स’ आहे. ‘जाऊ नकोस’ मधला ‘स’ही तसाच. हा उंच पट्टीचा, क्षीण ध्वनी आहे आणि उंच पट्टीचे श्रवण गेलेल्या मुलाला तोच नेमका ऐकू येत नाही. असे मूल ‘तू’ आणि ‘तो’ यांच्या क्रियापदांत गोंधळ करू लागले, तर त्याच्या बुद्धीकडे बोट दाखविण्यापूर्वी यंत्राकडे पाहावे. श्रवणतज्ज्ञ रोज सकाळी आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी म्हणून यंत्र तपासावयास सांगतात; मराठी घरात त्यातला ‘स’ दोनदा म्हणावा असे आम्ही म्हणू. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे आहेत हे मराठी न जाणणाऱ्या शिक्षिकेला ठाऊक नसते आणि ती दुसऱ्याला चूक ठरविते. अशा गोष्टी कागदावर लिहून नेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

पण याच ठिकाणी आम्हांला आपल्या माणसांना थोडे टोकावेसेही वाटते. आपण परमुलखात मराठी जपतो, मंडळे चालवितो, मासिके काढतो, आणि मुलांची मराठी सुटत चालल्याची हळहळ आपल्या प्रत्येक संमेलनात ऐकू येते. ती हळहळ या मुलाच्या श्रवणयंत्रावर टांगू नये. घरात आईबाप आपसांत तेलुगूच बोलत असतील, आई तेलुगू असेल, तर मराठीचा आग्रह हा मुलाचा वारसा नसून आपला अभिमान ठरेल. मुलाला मिळावयाची ती भाषा कोणती, याचा निकाल भाषेच्या थोरवीवरून लागत नाही. त्याच्याशी दिवसाचे दहा तास कोण बोलणार, आणि कोणत्या भाषेत, हे पाहावे. खुणांच्या भाषेलाही हाच नियम. दिल्लीस २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली, २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा तिचा कोश आला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. कोश मुलाशी बोलत नाही. मुलासाठी खुणा निवडणे म्हणजे बाप, आजोबा, आत्या यांनी संध्याकाळी बसून त्या शिकणे. ते शिकणार नसतील तर खुणा निवडल्या असे म्हणता येत नाही.

अमेरिकेत १९८६ साली तीन वर्षांखालील अशा मुलांसाठी कायदा झाला. त्याने शाळकरी मुलांसारखा ‘मुलाचा’ आराखडा न ठेवता ‘कुटुंबाचा’ आराखडा ठेवला, आणि दर सहा महिन्यांनी तो पुन्हा तपासावा असे सांगितले. कायद्याच्या भाषेत झालेला हा बदल लहान दिसतो, पण त्याने कोणी बदलावयाचे हा प्रश्नच फिरविला. आपल्याकडे कुटुंब म्हटले की व्यवहारात आई. ती नोकरी सोडते. ती तीन बस बदलून केंद्रावर जाते. घरी येऊन शिकविलेले सारे ती पुन्हा करून घेते. सरकारच्या एडिप योजनेतून २०१४ पासून गरीब घरांतील लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी साहाय्य मिळू लागले, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु पुढची वर्षानुवर्षांची शिकवणी, बॅटऱ्या, तुटलेल्या तारा, दुरुस्ती आणि प्रवास यांचा भार पुष्कळदा घरावरच येतो, आणि घरात तो एका माणसावर येतो. तिला विचारले जात नाही. मुलाला न विचारता ठरविण्याचे कारण तरी आपण दाखवू शकतो. या बाईला न विचारण्याचे कोणते कारण दाखविणार?

शिवाय तिच्याकडून मागितले जाते ते विचित्र आहे. तिने दिवसभर प्रशिक्षक व्हावे आणि प्रशिक्षकासारखी दिसू नये. मुलाच्या हातात चेंडू दिला की ‘चेंडू’ म्हणावे, थांबावे, वाट पाहावी, त्याने ओठ हलविले की आनंद दाखवावा, नोंद करावी. असे वर्षभर केल्यावर मुलाच्या तोंडून निघालेला शब्द तिला आनंद देतो की गुण देतो, हे तिलाही सांगता येईनासे होते. चांगले तज्ज्ञ हे ओळखतात आणि वेगळे धडे न देता वरण कालविणे, कपडे वाळत घालणे, देवापुढे दिवा लावणे यांतच भाषा पेरावयास सांगतात. त्यातही दिवसातला काही वेळ असा ठेवावा, की ज्यात मुलाकडून कोणाचीच काही अपेक्षा नसावी. ते आईच्या मांडीवर नुसते पडलेले असावे. त्या अर्ध्या तासात त्याची प्रगती होत नसेल तर न होवो. हे वाक्य कोणत्याही आराखड्यात आम्हांला सापडलेले नाही, आणि तेथे ते घातले पाहिजे असे आम्हांला वाटते. कारण ‘विलंब’ हा शब्दच आगगाडीच्या वेळापत्रकातला आहे. तो मुलाला सदैव कुठे तरी पोहोचावयाचे ठरवितो. काही मुले त्या स्थानकावर कधीच येणार नसतात. त्यांच्यापैकी काहींना यंत्र बसूनही वाणी येणार नाही. दार वाजले हे कळेल, आईचा आवाज ओळखू येईल, एवढेच हाती लागेल. वेळापत्रकाच्या हिशेबी हे अपयश आहे. त्या मुलाच्या हिशेबी काय आहे, ते ठरविताना त्याचा चेहरा पाहावा, आलेख मागाहून पाहता येईल.

आणखी एक बारीकसा प्रश्न राहतो, आणि तो जवळजवळ प्रत्येक घरात पहिल्याच आठवड्यात येतो. दोन वर्षांचे मूल कानातले यंत्र उपटून फेकून देते. संमती न मागता घेतलेल्या निर्णयाला हा त्याने दिलेला नकार समजावा काय? मूल टोपीही फेकते, चमचाही फेकते. प्रत्येक फेकण्याला मताधिकार मानले तर संसार चालणार नाही. पण ‘सवय होईल’ म्हणून ते दर वेळी दाबून पुन्हा बसविणे, हेही आम्हांला उतावळेपणाचे वाटते. सांगण्यासाठी त्याच्याजवळ आज तेवढे एकच साधन आहे. अनुभवी श्रवणतज्ज्ञ अशा वेळी मुलाला रागावत नाहीत आणि आईलाही धीराचे दोन शब्द सांगून परत पाठवीत नाहीत. ते यंत्र हातात घेतात, कान पाहतात, साचा रुतून लाल झाले आहे का ते पाहतात. मुलाचा कान महिन्यामहिन्याने वाढत असतो, म्हणून साचा ढिला होऊन यंत्र शिट्टी वाजवीत आहे का, आवाज नको इतका मोठा ठेवला गेला आहे का, हे तपासतात. पुष्कळदा काही ना काही सापडते. मग नवा साचा घेतात. तो तयार होऊन येईपर्यंत आईला सांगतात, की घरात गोंगाट नसेल अशा वेळी, मुलाला आवडते ते काही चालू असताना, थोडा थोडा वेळ घालून पाहा, आणि त्याने काढले तर किती वेळाने आणि काय चालू असताना काढले, तेवढे लिहून आणा.